मदत हवी आहे: दोन कॉर्न स्नेक एकाच व्हिवेरियममध्ये ठेवावेत का?

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहत आहोत. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाकडे कॉर्न स्नेक या बिनविषारी पाळीव सापाच्या जातीची एक मादी आहे. तिचे वय चार वर्षे, लांबी सुमारे ११० सेंटीमीटर असून रंगावरून आम्ही तिचे नाव केशर ठेवले आहे. ती चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा लाकडी व्हिवेरियममध्ये, म्हणजे साप ठेवण्याच्या पेटीत, राहते. एका टोकाला थर्मोस्टॅटला (तापमान नियंत्रकाला) जोडलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आहे, त्यामुळे उबदार बाजूला साधारण ३० अंश आणि दुसऱ्या बाजूला २२ ते २४ अंश सेल्सियस तापमान राहते. दर दहा दिवसांनी गोठवलेला उंदीर कोमट करून तिला दिला जातो आणि आजवर तिने एकदाही खाणे नाकारलेले नाही.

आता प्रश्नाकडे येते. आमच्या ओळखीचे एक कुटुंब या महिनाअखेर कायमचे पुण्याला परतत आहे. त्यांच्याकडेही कॉर्न स्नेक आहे. तो दोन वर्षांचा, सुमारे ७५ सेंटीमीटर लांबीचा असून नर आहे की मादी हे त्यांनी कधी तपासून घेतलेले नाही. त्याला भारतात नेणे त्यांना शक्य नाही, आणि मुलाने माझ्याशी बोलण्याआधीच ‘आम्ही सांभाळू’ असा शब्द देऊन टाकला आहे. आमचे घर लहान आहे, विजेचे बिल गेल्या काही वर्षांत बरेच वाढले आहे, आणि केशर दिवसाचा बहुतेक वेळ एका कोपऱ्यात वेटोळे घालून बसलेली असते, तेव्हा उरलेली जागा रिकामीच आहे असे वाटते. म्हणून दोघांना एकत्र ठेवावे, असा विचार मनात आला.

चौकशी केली, तर परस्परविरोधी उत्तरे मिळाली. एका दुकानातील विक्रेत्याने ‘एकाच जातीचे असतील तर काही अडचण नाही’ असे ठामपणे सांगितले. इंटरनेटवर एकमेकांच्या अंगावर वेटोळे घालून शांत पडलेल्या सापांची छायाचित्रेही दिसतात. लहानपणी कात्रजच्या सर्पोद्यानात एकाच हौदात अनेक साप पाहिल्याचे मला आठवते. माझ्या सासूबाई सध्या येथे आल्या आहेत. आधी त्यांना घरात साप असणेच मान्य नव्हते, पहिल्या दिवशी तर त्यांनी दुधाची वाटीही पुढे केली होती. आता मात्र ‘एकटा जीव किती दिवस राहणार, सोबत मिळू दे’ असे त्याच म्हणतात. मुलाने वाचलेल्या माहितीत मात्र असे करू नये असे होते. ज्यांनी प्रत्यक्ष साप पाळले आहेत, त्यांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती. कारणे अशासाठी की मुलाला आणि सासूबाईंना, दोघांनाही पटवून द्यायची जबाबदारी माझ्यावर आहे.

प्रतिसाद

ताई, मी येथे अकरा वर्षे कॉर्न स्नेक पाळत आहे. थेट उत्तर: एकत्र ठेवू नका.

तुम्ही उल्लेख केलेल्या छायाचित्रांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची फसगत तेथेच होते. सापाला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही. अन्न पचवण्यासाठी त्याला उबदार जागा लागते आणि सुरक्षित वाटण्यासाठी अंगाला घासेल अशी अरुंद आडोशाची जागा लागते. व्हिवेरियममध्ये अशी सर्वांत चांगली जागा बहुधा एकच असते. दोन्ही साप तिच्यासाठीच तेथे येतात आणि आपल्याला ते बिलगून बसल्यासारखे दिसतात. त्यांतला दुबळा साप काही दिवसांनी थंड बाजूला राहू लागतो, खाणे कमी करतो, आणि तो गुरगुरत नाही की ओरडत नाही, त्यामुळे त्याचा त्रास आपल्याला वजन घटल्यावरच कळतो.

आपल्याकडे गावात दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना विळखे घालताना दिसल्या, की ‘नाग-धामणीचे मीलन’ म्हणून लोक हात जोडतात. त्यावर पंचा टाकून तो घरात जपावा, असेही मी आजोळी ऐकले आहे. वास्तविक ते दोन नर असतात आणि ती झुंज असते. सापांच्या देहबोलीत आपण माणसाची माया वाचतो, ती अशी.

दुसरा धोका खाण्याचा. एकाच उंदराची दोन टोके दोन सापांनी पकडली, तर कोणीच सोडत नाही. गिळत गिळत पुढे आलेला मोठा साप लहान सापालाही गिळू लागतो. कॉर्न स्नेकमध्ये हे वारंवार घडत नाही, पण घडलेले आहे, आणि तुमच्या दोन सापांच्या लांबीत ३५ सेंटीमीटरचा फरक आहे. वेगळ्या डब्यात खायला घालून परत सोडण्याचा उपाय काही जण सुचवतात, परंतु उंदराचा वास अंगाला राहतोच आणि नुकत्याच खाल्लेल्या सापाला हाताळल्यास तो खाल्लेले ओकून टाकण्याची शक्यता वाढते. शिवाय उद्या व्हिवेरियममध्ये ओकलेला उंदीर किंवा पातळ विष्ठा दिसली, तर ती कोणाची हे तुम्ही कसे ओळखणार?

लिंगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. नवा साप नर निघाला, तर आज ना उद्या केशरला अंडी होतील. एका वेळी दहा ते तीसपर्यंत. तो मादी आणि केशर प्रत्यक्षात नर निघाली, तर परिस्थिती आणखी वाईट, कारण पाळणाऱ्यांमध्ये मादीसाठी तीन वर्षे, तीन फूट आणि तीनशे ग्रॅम असा किमान दंडक मानला जातो. त्याआधी गर्भ राहिल्यास अंडी आत अडकून मादी दगावू शकते. केशरचे लिंग कोणी तपासले आहे का?

विजेचे म्हणाल, तर वीस वॉटची हीट मॅट दिवसरात्र अखंड चालली तरी महिन्याला १४.४ युनिट होतात. युनिटला २५ ते ३० पेन्स धरले, तर खर्च चार पौंडांच्या आसपास येतो. थर्मोस्टॅट असल्यामुळे तो त्याहूनही कमी येईल. पशुवैद्याची एक भेट यापेक्षा कितीतरी महाग पडते.

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. केशर मादी असल्याचे पशुवैद्यांनी सळई घालून तपासून सांगितले आहे, त्यामुळे तेवढी चिंता नाही. एक शंका मात्र उरते. नवा सापही मादी निघाला आणि आम्ही सहा फुटांचे व्हिवेरियम घेऊन दोन्ही बाजूंना दोन-दोन आडोसे ठेवले, तर? मुलाने असेही वाचले आहे की काही सापांना सोबत आवडते.

प्रतिसाद

मुलाने वाचलेले खरे आहे, म्हणूनच त्याला सरसकट ‘साप एकलकोंडे असतात’ असे सांगू नका. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातील नार्सिस येथे चुनखडीच्या भेगांमध्ये हिवाळा काढून दर वसंतात हजारो गार्टर साप एकत्र बाहेर पडतात. कॅनडातीलच विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवले की गार्टर साप ठरावीक सोबत्यांजवळ बसणे पसंत करतात. त्याच गटाने पुढे बॉल पायथनची पिले एकत्र ठेवून पाहिली. प्रत्येकाला पुरेसे आडोसे असूनही ती एकाच आडोशाखाली गोळा होत असत. म्हणजे एकत्र बसणे प्रत्येक वेळी जागेच्या टंचाईमुळेच असते, हे वरचे म्हणणे सर्व जातींना लागू पडत नाही.

तरीही तुमच्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. ते साप कॉर्न स्नेक नव्हते, आणि प्रयोगशाळेत काही दिवस माणसांच्या देखरेखीखाली ठेवणे वेगळे व घरात पंधरा-वीस वर्षे ठेवणे वेगळे. रानातल्या सापाला नकोसे झाले की तो निघून जातो. सहा फुटांच्या पेटीत जायचे कोठे? मोठी पेटी आणि चार आडोसे यांमुळे धोका कमी होतो, परंतु उंदीर, आजार आणि वजन यांची ओढाताण तशीच राहते. सोबतीअभावी कॉर्न स्नेक खंगतो असे मी कधी पाहिलेले नाही, हे सासूबाईंना अवश्य सांगा. त्याला आपली सोबत मिळते असेही नाही. तो आपल्याला सहन करतो, इतकेच.

प्रतिसाद

एक मुद्दा राहिला. इंग्लंड व वेल्समधील २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात पाळीव प्राण्याच्या पाच गरजा सांगितल्या आहेत, आणि इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळे राहण्याची गरज ही त्यांपैकी एक आहे. ‘किंवा वेगळे’ हे शब्द कायद्यातच आहेत.

दुसरे असे की नव्या सापाला पहिले तीन महिने केशरच्या खोलीतही ठेवू नका. माइट नावाचे बारीक काळे परजीवी एका पेटीतून दुसरीत सहज जातात. त्याहून वाईट म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम हा पचनमार्गातील सूक्ष्म परजीवी. यात सापाच्या शरीराचा मधला भाग फुगतो, तो खाल्लेले ओकतो आणि झिजत जातो. यावर खात्रीचा उपचार नाही, आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी तो मरतही नाही.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. नवा साप काल घरी आला. तो झाकणाला भोके पाडलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात, अभ्यासिकेत आहे. खाली पांढरा कागदी टॉवेल अंथरला आहे, म्हणजे माइट असल्यास काळे ठिपके लगेच दिसतील. पाण्याचे भांडे आणि चिमटा वेगळा ठेवला आहे. आधी केशरचे सर्व करायचे, मग याचे, आणि मध्ये व शेवटी हात धुवायचे, असा नियम मुलाने स्वतः लिहून दारावर लावला आहे. वजन १४० ग्रॅम भरले. लिंग तपासणे आणि विष्ठेची चाचणी यांसाठी पशुवैद्यांची वेळ घेतली आहे. सासूबाईंना झुंजणाऱ्या धामणींची गोष्ट पटली. नार्सिसची मुलाने त्यांना मुद्दाम सांगितलेली नाही.

शेवटची शंका: तीन महिन्यांनंतर दुसरे व्हिवेरियम घ्यावेच लागेल. जागेअभावी ते केशरच्या व्हिवेरियमवर ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद

चालेल. मात्र खालच्या पेटीच्या हवा खेळण्याच्या झडपा झाकल्या जाऊ देऊ नका आणि प्रत्येक पेटीला स्वतंत्र थर्मोस्टॅट घ्या. खालची ऊब वर चढते, म्हणून साप सोडण्याआधी वरच्या पेटीच्या थंड बाजूचे तापमान दोन-तीन दिवस मोजून पाहा. ते २४ च्या वर जात असेल, तर दोन पेट्यांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवून बोटभर फट सोडा.