शंकेला जागा आहे की!

ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे शंका न घेता मान्य करणं, असं काहीजण म्हणतात. नाही पटलं. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असा टोमणा बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच (२:१९) आहे! म्हणजे नुसतं मानून भागत नाही, भरवसा टाकावा लागतो. बायबलमध्येच मार्कने सांगितलेल्या येशूच्या कथेच्या ९व्या अध्यायातला बाप बघा. मुलगा तोंडाला फेस येऊन जमिनीवर लोळतोय, शिष्यांनी हात टेकलेत, आणि हा येशूला म्हणतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही! तरी येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो.

तारण (मुक्ती) श्रद्धेनं मिळतं की कृत्यांनी, हा वाद मात्र जुनाच. श्रद्धेच्या बाजूने उभा राहिलेला प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर याने १५२२ मध्ये कृत्यांवर भर देणाऱ्या याकोबाच्या याच पत्राला गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं होतं. कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी १९९९ च्या संयुक्त जाहीरनाम्यात त्यातलं बरंचसं मिटवलंय.