जुन्या ग्लायडरच्या कॅनॉपीला तडा आणि बोलताना मान टाकणारा रेडिओ : सल्ला हवा

पांढरी_घार
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं क्लबच्या ग्लायडरवर उडल्यावर गेल्या महिन्यात स्वतःचा घेतला. एकआसनी, फायबरग्लासचा, १९७६ सालचा. पंख, शेपूट, कंट्रोल सगळं इंजिनियरकडून तपासून घेतलंय, त्यात खोट नाही. कुरकुर आहे ती दोनच ठिकाणी.

कॅनॉपी (डोक्यावरचं ॲक्रिलिकचं पारदर्शक झाकण, आपली 'काच') : डावीकडे मागच्या स्क्रूपासून निघालेला साधारण ४ सेंमीचा तडा. नजरेच्या आड आहे, पण डोक्यातून जात नाही. ताशी १०० किमीच्या वर गेलं की सरकत्या खिडकीतून शिट्टी सुरू होते. शिवाय सूर्य समोर आला की काचेवर बारीक गोल गोल चरे चमकतात.

रेडिओ : ऐकू स्वच्छ येतं. मी बोलायचं बटण दाबलं की डिस्प्ले विझून पुन्हा लागतो आणि खालून सांगतात, आवाज तुटतोय. सकाळी ठीक असतो, तासाभराने बिघडतो.

बजेट : दोन्ही कामं मिळून नव्या रेडिओच्या किमतीचा पाव हिस्सा. म्हणून नवा रेडिओ, नवी कॅनॉपी कृपया सुचवू नका.

उंच_भरारी
अभिनंदन साहेब! बजेट वाचलं, तरी सांगतो, नवा रेडिओच घ्या. मी दोन वर्षं जुन्या सेटच्या नादी लागलो आणि दोन्ही हंगाम वाया घालवले. तुमचा सेट २५ किलोहर्ट्झ अंतराच्या चॅनेलचा असेल तर तो दुरुस्त करून काय मिळवणार? युरोपात २०१८ पासून ८.३३ किलोहर्ट्झ अंतराचा सेट लागतोच. माझ्या नव्या सेटमध्ये दोन फ्रिक्वेन्सी एकाच वेळी ऐकता येतात, डिस्प्ले भर उन्हात वाचता येतो. एकदा खर्च केला, विषय मिटला.

रंधा
रेडिओतलं मला कळत नाही. कॅनॉपीबद्दल सांगतो, कारण आतापर्यंत तीन तडे स्वतःच्या हाताने थांबवलेत.

तड्याच्या टोकाला २ ते ३ मिमीचं भोक पाडतात. टोक अणकुचीदार असतं, सगळा ताण तिथे गोळा होतो आणि तडा पुढे सरकतो. गोल भोकाने तो ताण पसरतो. पण टोक दिसतं तिथे नसतं! टॉर्च तिरपा धरून बघा, तडा डोळ्याला वाटतो त्याच्या दोनतीन मिमी पुढे गेलेला असतो. भोक त्या खऱ्या टोकावर पडायला हवं, नाहीतर उपयोग शून्य. धातूसाठी असतं ते धारदार ड्रिल बिट वापरू नका, ते ॲक्रिलिकमध्ये घुसून ओढतं आणि एकाचे दोन तडे होतात. प्लॅस्टिकचं बिट घ्या किंवा साध्या बिटची धार दगडावर घासून बोथट करून घ्या. मागे लाकडाचा ठोकळा, वेग मंद, हात हलका. शेवटच्या अर्ध्या मिमीला तर श्वास रोखून.

आणि तडा स्क्रूपासून निघालाय म्हणजे मूळ दोष स्क्रूत आहे. आधी तो सैल करा.

वारा_दक्षिणेचा
रंधा यांना +१. स्क्रू आवळून बसवणं हाच गुन्हा. ॲक्रिलिक फायबरग्लासच्या कितीतरी पट जास्त आकसतं आणि फुगतं. दीड मीटर लांब काच ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ ३ मिमी लहानमोठी होते, फ्रेम तेवढी होत नाही. म्हणून काचेतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं आणि स्क्रू नुसता टेकलेला. माझी कॅनॉपी कडाक्याच्या थंडीत ट्रेलरमधून काढताना एका कोपऱ्यावर जराशी दाबली गेली. टक् असा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. आधीच्या मालकाने सगळे स्क्रू करकचून पिळले होते.

पांढरी_घार
रंधा, वारा, मनापासून आभार. स्क्रू बघितला, खरंच पिळलेला आहे, वॉशरखाली काच पांढरी पडलीय.
(साहेब नाही, ताई म्हणा.) रेडिओ ८.३३चाच आहे, आधीच्या मालकाने बदललेला. म्हणजे सेट टाकाऊ नाही.

उंच_भरारी
माफ करा ताई. तरीही एक हंगाम वापरून बघाल आणि माझी आठवण काढाल.

निळा_दोर
बॅटरी बदला, बाकी काही नाही. शिशाची १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासवाली असेल ना? मी लिथियम आयर्न फॉस्फेटची टाकली आणि सहा तासांच्या उड्डाणात शेवटपर्यंत व्होल्टेज १३ च्या आसपास. शिवाय वजन निम्म्याहून कमी.

थर्मल_वेडी
मीही हेच सांगायला आले होते. लिथियम घ्या. चार्जर मात्र त्याचाच हवा.

शेपटाकडून_वारा
लिथियमच. आमच्या क्लबच्या सगळ्या ग्लायडरमध्ये तीच आहे.

काळी_लाल_वायर
जरा थांबा. कोणी मोजलंय का? ताईंनी लक्षण नेमकं सांगितलंय : ऐकताना ठीक, बोलताना विझतो. ऐकताना रेडिओ जेमतेम करंट घेतो, बोलताना दोनेक अँपिअरपर्यंत. वाटेत कुठे एक ओहमचा अडथळा असला तर बोलताना दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. भरलेल्या बॅटरीचा जोर सकाळी त्याला पुरून उरतो, तासाभराने उरत नाही.

मल्टिमीटर घ्या. अँटेना जोडलेली ठेवून, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर, चाचणी करतोय असं सांगून दोनतीन सेकंद बटण दाबा. त्याच वेळी आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग रेडिओच्या मागच्या प्लगवर. बॅटरीवरच पडत असेल तर बॅटरी म्हातारी. बॅटरीवर ठीक आणि प्लगवर कमी, तर दोष मधल्या वायरीत. माझी पैज फ्यूजच्या घरावर. जुन्या ग्लायडरमध्ये ते ओल लागून आतून हिरवं पडतं, बाहेरून नवं दिसतं.

नवी बॅटरी टाकली तर दोष महिनाभर लपेल एवढंच. आणि हलकी बॅटरी टाकणाऱ्यांनो, गुरुत्वमध्य पुन्हा काढला का? नाकातली बॅटरी दीड किलोने हलकी झाली तर पायलटचं किमान वजन बदलतं.

निळा_दोर
माझी बॅटरी सीटच्या मागे, जवळजवळ गुरुत्वमध्यावर आहे, काही फरक पडत नाही. मी इंजिनियरला विचारून केलंय.

काळी_लाल_वायर
तुमच्याबद्दल नाही म्हणालो. वाचून कोणी आंधळेपणाने करू नये म्हणून लिहिलं.

थर्मल_वेडी
चऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. गोल चरे म्हणजे आधीच्या मालकाने कोरडं फडकं गोल फिरवलं. आधी भरपूर पाणी, मग साबणाचं पाणी आणि उघडा तळहात. हाताला खडा लागतो, फडक्याला लागत नाही. पुसताना सरळ रेषेत, पुढून मागे. घरातल्या खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे, ॲसिटोन, पेट्रोल, काहीही नको. आतून जाळीसारखे बारीक तडे उमटतात, ते कशानेच जात नाहीत.

शेपटाकडून_वारा
फडकं मायक्रोफायबरचं.

वारा_दक्षिणेचा
जुनं, शंभरदा धुतलेलं सुती बनियन. मायक्रोफायबर धूळ धरून ठेवतं.

शेपटाकडून_वारा
धुतलं की सोडतं. आठ वर्षं वापरतोय, माझी काच येऊन बघा.

रंधा
चरे काढायचेच असतील तर १५०० पासून १२००० पर्यंतचे मऊ पॉलिश-कागद मिळतात, पाण्याने भिजवून, प्रत्येक पायरीला दिशा आडवी बदलत. पण नजरेसमोरच्या भागात एकाच जागी घासलं की काचेला खळगा पडतो आणि त्यातून दुसरं विमान वाकडं दिसतं. मी तिथे हात लावत नाही.

उंच_भरारी
काच झाकून ठेवता का? माझ्या मित्राने कॅनॉपी उघडी टाकून चहा प्यायला पाठ फिरवली, वक्र काचेने ऊन एकवटलं आणि डोक्यामागच्या उशीतून धूर. पांढरं कव्हर घालाच.

गिरकी
शिट्टीवर उपाय : सरकत्या खिडकीच्या कडांवर बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी. खर्च नाही, शिट्टी बंद. मी हंगामभर तशीच ठेवतो.

निळा_दोर
आणि हातातला वॉकीटॉकी रेडिओ घेऊ नका, कोणीतरी सुचवेलच. कॉकपिटमध्ये बसून आवाज जात नाही.

थर्मल_वेडी
खरंय. माझा पिशवीतच पडून असतो.

काळी_लाल_वायर
फायबरग्लास लहरी अडवत नाही, कार्बन अडवतो. पण छोट्या अँटेनाने पल्ला कमी पडतो हे खरं.

पांढरी_घार
झालेलं सांगते.

मोजलं. बटण दाबल्यावर बॅटरीवर १२.४, रेडिओच्या प्लगवर १०.३. फ्यूजचं घर उघडलं तर आतली स्प्रिंग बोटावर हिरवी भुकटी सोडून तुटलीच. इंजिनियरसमोर घर आणि तेवढी वायर बदलली, लॉगबुकात नोंद झाली. आता प्लगवर १२.२. काल चार तास उडले, शेवटच्या फेऱ्यातही खालून "स्वच्छ ऐकू येतंय" आलं. काळी_लाल_वायर, तुमचे उपकार विसरणार नाही.

तड्याचं भोक इंजिनियरकडूनच पाडून घेतलं. रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च तिरपा धरला तेव्हा टोक खरंच ३ मिमी पुढे निघालं. स्क्रूंची भोकं मोठी केली. समोरच्या चऱ्यांना हात लावलेला नाही.

बॅटरी बदलली नाही. उरलेल्या पैशांत हातातला रेडिओ घेतला, तोही सोबत बीएनसीचा (अँटेनाची वायर लावायचा) जोड घेऊन. मुख्य सेट बंद पडला तर ग्लायडरचीच अँटेना त्याला लावता येते. जमिनीवर करून बघितलं, चालतं.

गिरकी, तुमची पट्टी लावली होती. शिट्टी गेली, पण कोवळ्या उन्हात विंचवरून (ग्लायडरला दोराने ओढून वर नेणारं जमिनीवरचं यंत्र) सुटल्यावर काचेवर आतून वाफ धरली आणि मिनिटभर मला समोरचं काही दिसेना. खिडकी सरकवायला हात गेला तर ती चिकटलेली. नखाने आतून पट्टी सुटत नाही. शेवटी पुढचा झरोका पूर्ण उघडून वाट पाहिली. उतरल्यावर पहिलं काम पट्टी काढण्याचं केलं. ती खिडकी अशाच वेळी बाहेर बघण्यासाठी असते. शिट्टी असू दे.

गिरकी
माझ्या ग्लायडरवर कधी वाफ धरली नाही. पण खिडकी आतून उघडत नाही हे लक्षातच आलं नव्हतं. उद्या काढतो.

उंच_भरारी
फ्यूजचं घर माझ्याही जुन्या सेटला तेच होतं. तो सेट तर विकून टाकला.