टँकवरच्या फावडं-कुऱ्हाडीचे दांडे खऱ्या लाकडाचे कसे वाटतील?

घोडबंदरकर: पॅटन टँकचं १/३५ मापाचं मॉडेल करतोय, १९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरच्या लढाईत होता तो. टँक चांगला जमलाय पण बाहेर लावलेलं फावडं, कुऱ्हाड, घण यांचे दांडे सपाट चॉकलेटी दिसतात, लाकूड वाटतच नाही. काय करू?

ऐरोलीकर: दादा चॉकलेटी खाली लावायचाच नाही. खाली फिकट हवा, तामिया कंपनीचा बफ (फिकट पिवळसर) एक्सएफ-५७ चालेल, तो पूर्ण वाळू दे, मग ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) अगदी थोडा घे (आधी पुठ्ठ्यावर काढून ठेव म्हणजे जास्तीचं तेल शोषलं जातं) आणि दांड्यावर लावून कोरड्या ब्रशने लांबीच्या दिशेने ओढत राहा, मागे ज्या रेषा उरतात त्याच लाकडाच्या शिरा. पातं चंदेरी नको, गनमेटल (काळपट धातूचा रंग) मार आणि फक्त धारेवर पेन्सिलीचं शिसं बोटाने घास. रस्त्याच्या कामावरचं फावडं बघ ना, धार तेवढी चकाकते, बाकी काळपट.

वाशीची: अगदी बरोबर, पण पावसात घाई करू नकोस. मी जुलैत मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि दमट हवेमुळे सगळ्यावर पांढरट थर आला, महिन्याभराची मेहनत, रडूच आलं. ऑइल कलरही लवकर वाळत नाही. आणि सगळे दांडे सारखे नको, एखादा जुना काळपट एखादा नवा.

घोडबंदरकर: थँक्यू ताई, दादा! आज बफ लावतो, स्प्रे पाऊस उघडल्यावरच.