मदत हवी आहे: मारुती 800 चं इंजिन उतरवलंय, बोअर (सिलेंडरचं आतलं भोक) 0.25 मिमी वाढवू की 0.50?

राम राम मंडळी,

गाडी वडलांची, 1998 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली. विकायची नाहीये, त्यामुळे भंगारात घाल हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज फुकट मिळतो. मी सांगलीत असतो, काम अकाउंटचं, बाईकची इंजिनं हौस म्हणून खोललीत पण कारचं हे पहिलंच.

त्रास असा की गाडी ऑइल खायची, हजार किमीला दीड लिटरच्या आसपास, आणि ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर. सकाळी स्टार्ट करताना धूर नावालाच, पण चढ लागला की मागचा बाईकवाला शिव्या घालायचा, म्हणून नुसते व्हॉल्व्ह सील गेले असतील असं वाटत नव्हतं. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) घेतलं, तिन्ही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून: 10.5, 7.5, 10. मधल्यात चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं तर तेही 10 च्या वर गेलं, म्हणजे पिस्टनच्या रिंगाच गेल्यात ना?

मग मित्राच्या शेडमध्ये चेनकप्पी होती, काढलं इंजिन बाहेर. हेड ठीक निघालं, सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला तर 0.05 चं पान कुठेच शिरत नाही, व्हॉल्व्ह तेवढे पेस्ट लावून घासून घेणार आहे. गोची बोअरची. स्टँडर्ड 68.5 मिमी, मधल्या सिलेंडरला खाली 68.53 येतंय आणि वर जिथे रिंग फिरते तिथे 68.64, म्हणजे टेपर (वर-खालचा फरक) 0.11 झाला. बाजूचे दोन बरे आहेत पण वरची कड त्यांनाही नखाला लागते.

इथला एक मेकॅनिक म्हणतो नुसतं होनिंग (बोअरची भिंत दगडाने घासणं) मार, नव्या स्टँडर्ड रिंगा टाक, चालतंय की. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाल्याला फोन केला तर तो न बघताच म्हणाला सरळ 0.50 कर. माझ्या मनात 0.25, कारण आत्ता 0.50 केलं तर पुढच्या खेपेला स्लीव्हशिवाय (बोअरमध्ये नवीन नळी बसवणं) पर्याय नाही. सेकंडहँड हाफ इंजिन (ब्लॉकसकट खालचा भाग) टाकायचं नाहीये, आरसीवर इंजिन नंबर आहे, ब्लॉक बदलला तर आरटीओत नोंद करत बसावं लागेल आणि परत पासिंगही तोंडावर आलंय.

क्रँकच्या जर्नलवर (बेरिंगमध्ये फिरणारा भाग) नख अडकत नाही, तिथे स्टँडर्डच बेरिंग घातले तर चालतील का? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद 1
रिंगाच. व्हॉल्व्ह असते तर ऑइल घालून आकडा हलला नसता. आणि नुसतं होनिंग करू नका, 0.11 टेपरमध्ये नवीन रिंग प्रत्येक फेरीला उघडझाप करत राहते, सहा महिन्यात परत धूर. हे काम गाडी विकायची असेल तेव्हाचं आहे 😀

प्रतिसाद 2
दादा, 0.25 चा हिशोब कागदावर बसतो, 68.75 मधून 68.64 गेले की 0.11 उरतात. पण बोअर गोल झिजत नाही, पिस्टन ज्या बाजूला दाबतो तिकडे जास्त खातो. बोरिंगवाला मूळ सेंटर पकडून कापतो, म्हणजे 0.25 मध्ये प्रत्येक बाजूने निघणार फक्त 0.125. तुमची 0.14 ची झीज बरीचशी एकाच बाजूला असेल तर तिथे जुना डाग तसाच राहणार. क्रँकच्या लांबीत एक माप आणि त्याला आडवं एक माप घ्या, मग बोलू. लेथवाला अगदीच चुकीचा नाहीये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक त्याच्याकडे टाकू नका. डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या भागाला) मायक्रोमीटर लावून त्या मापाने बोअर करून घ्या, तिन्ही सिलेंडर एकाच साइजला. रिंग उलट्या पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधला गॅप बघायचा, ढोबळ हिशोब 100 मिमी बोअरला 0.4, तुम्हाला 0.27 च्या आसपास यायला हवा. होनिंगनंतर ब्लॉक साबण आणि गरम पाण्याने घासून धुवा, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत, पेट्रोलने ती बारीक पूड निघत नाही. धुतल्याबरोबर ऑइल लावा, तासाभरात गंज धरतो.

प्रतिसाद 3
नखावर क्रँक पास करू नका राव. नख चर सांगतं, लंबगोल झालेला जर्नल सांगत नाही. ब्लॉक नेणारच आहात तर क्रँक पण न्या, मायक्रोमीटरने चेक करायला पाच मिनिटं लागतात. रॉडच्या कॅप आपापल्या रॉडलाच राहू द्या, खुणा केल्या नसतील तर आत्ता करा. रनिंग-इनला (सुरुवातीचे किमी चालवताना) सिंथेटिक ऑइल नको, आणि सुरू करून तासभर आयडलला ठेवायचा जो रिवाज आहे तो पण नको, लोड दिल्याशिवाय रिंगा बसत नाहीत.

धागाकर्ता
धन्यवाद मंडळी. माप घेतलं, क्रँकच्या लांबीत 68.57 आणि आडवं 68.64, म्हणजे प्रतिसाद 2 म्हणतात तसंच आहे. पुण्यात नाना पेठेत दोन-तीन दुकानांत फोन केले, 0.25 चा सेट कुणाकडेच नाही, 0.50 चा लगेच मिळतोय. तोच मागवतोय, क्रँक पण बरोबर नेणार. बेरिंगचा क्लिअरन्स बघायला प्लॅस्टिगेज (बेरिंगमध्ये चेपून फट मोजायची प्लॅस्टिकची पट्टी) मात्र सांगलीत कुणी नाव पण ऐकलेलं नाही. कोल्हापुरात कुठे सुटी पट्टी मिळते का, की ऑनलाइनच मागवू?