डायलिसिस आणि नोकरी: स्टाफला नेमकं काय शिकवायचं?

सिस्टर इन्चार्ज, भोसरी

नमस्कार. आमच्या डायलिसिस युनिटमधले बरेच पेशंट चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कंपन्यांत कामाला आहेत, त्यातले कितीतरी कंत्राटी. डायलिसिस सुरू झालं की थोड्याच दिवसांत नोकरी सुटते. घरचे म्हणतात, "आता आराम करा." चाळिशीतला माणूस, पोरं शाळेत, कसला आराम करणार?

नवीन टेक्निशियन आणि सिस्टर्सना यासाठी तयार करायचंय. मशीन लावणं, बीपी पडला तर काय करायचं, सगळं येतं त्यांना. पण "तुम्ही काम काय करता?" हे कुणी विचारतच नाही. फाइलवर व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'खाजगी नोकरी'. परवा फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली शीर धमनीला जोडणं) झालेल्या एका पेशंटला नेहमीचं वाक्य सांगितलं गेलं, "या हाताने जड उचलायचं नाही." तो गोडाऊनला माल चढवतो. मान हलवून गेला बिचारा. वॉचमनचं त्या वाक्याने काही अडत नाही, याची अख्खी रोजीरोटी त्यात आहे. पुढे काय बोलायचं, हे आमच्या स्टाफच्या मुलीला कुणी शिकवलेलंच नाही.

तासाभराच्या वर्गात काय घ्यावं? कुणी असं केलं असेल तर सांगा.

टेक्निशियन, कोल्हापूर

ताई, स्लॉटपासून सुरू करा. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. सुया काढल्यावर दाबून धरणं, वजन, जाणं-येणं धरलं की अर्धा दिवस गेलाच. आम्ही स्लॉट देण्याआधी शिफ्ट विचारतो. फर्स्ट शिफ्टवाल्याला संध्याकाळचा स्लॉट दिला तर तो नंतर घरी जाऊन झोपतो. डायलिसिस करून तसाच प्रेस मशीनपुढे उभा राहिला आणि चक्कर आली तर हात जाईल.

दुसरं पाणी. फाउंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा माणूस मोजून पाणी कसं पिणार? अंगात पाणी साचून वजन वाढवून आला की आपला स्टाफ ओरडतो. ओरडायच्या आधी कामाची जागा विचारायला शिकवा. मीठ कमी केलं की तहान कमी लागते, चूळ भरून थुंकायची, हे सांगता येतं. भट्टीपासून लांबचं काम मिळावं म्हणून डॉक्टरांची चिठ्ठीही देता येते.

पेशंट, नाशिक

मी अकाउंट्सला आहे. मला पोटाच्या डायलिसिसबद्दल आधी कुणी बोललंच नाही, दुसऱ्या एका पेशंटकडून कळलं. आता दिवसातून चार वेळा पोटात सोडायच्या द्रवाची पिशवी बदलतो, त्यातली एक ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. रेकॉर्ड रूमचं दार लावायचं, पंखा बंद, मास्क, हात नीट धुवायचे. अर्ध्या तासाचं काम. सगळ्यांना हे जमणार नाही, जागा स्वच्छ लागते, नाहीतर पोटात इन्फेक्शन होतं. पण पर्याय आहे एवढं तरी नोकरी सोडायच्या आधी सांगा हो! स्टाफने हे स्वतःहून काढलं पाहिजे. पेशंट त्या दिवसांत इतका घाबरलेला असतो की काय विचारायचं तेच त्याला सुचत नाही.

वैद्यकीय समाजसेविका, मुंबई

कागदांचा भाग वगळू नका. पेशंटचा ईएसआय (कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता) कापला जातो का, हे पहिल्याच दिवशी विचारायचं. साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवस पगाराच्या 70 टक्के मिळतात. किडनी कायमची निकामी होणं मात्र दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यात दोन वर्षं सलग नोकरी आणि पुरेसं योगदान असेल तर 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. राजीनामा देऊन बसला की हे सगळं अवघड होतं. म्हणून "सही करण्याआधी आमच्याशी बोला" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी बसवा.

दिव्यांग म्हणून सवलती मिळतील, अशी खोटी आशा मात्र नको. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत किडनीचा आजार नाही. थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत.

सर्टिफिकेटवर नुसतं 'उपचार सुरू' लिहिलं की एचआरला वाटतं माणूस संपला. वार, वेळ, काय करू शकतो आणि कोणता हात जपायचा, एवढं लिहा. आणि पेशंटने हो म्हटल्याशिवाय कंपनीला फोन करायचा नाही. वर्गात एकीला एचआर करा, एकीला पेशंट, आणि प्रत्यक्ष बोलायला लावा.

सिस्टर इन्चार्ज, भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. स्लॉटच्या फॉर्मवर शिफ्ट, कामाचं स्वरूप आणि ईएसआय असे तीन रकाने आजच वाढवले. गोडाऊनवाल्या दादांना सोमवारी विचारणार आहे, माल मोजायचं किंवा चलनाचं काम तिथे निघतं का. ते हो म्हणाले तर डॉक्टरांकडून तसं सर्टिफिकेट घेऊ. कोल्हापूरकर, संध्याकाळच्या स्लॉटला तुमच्याकडे स्टाफ किती ठेवता? आमच्याकडे तिथेच अडतंय.