अंडरवॉटर हाउसिंगच्या पोर्टचे आटे झिजलेत, ठाणे-नवी मुंबईत कोण करून देईल?

नमस्कार मंडळी,

माझ्या कॅमेऱ्याचं अंडरवॉटर हाउसिंग, म्हणजे पाण्यात न्यायची जलरोधक पेटी, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. पोर्टच्या (लेन्ससमोरच्या काचेच्या नळकांड्याच्या) तोंडाला आतून ६७ मिमी व्यासाचे, ०.७५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे आहेत. मॅक्रोची (अगदी जवळून फोटो काढायची) वेट लेन्स त्यावर पाण्यातच फिरवून बसवायची आणि काढायची. हे मॉडेल आता बंद झालंय, त्यामुळे नवा पोर्ट मिळत नाही.

तोंडाकडचे आटे जवळजवळ गेलेत. काळं अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर) उडून खालचा पांढरा धातू चकाकतो, नख फिरवलं तर धार लागत नाही आणि फडक्याने पुसलं की करडी पूड निघते. लेन्स तिरकी चढते. सरळ चढली तरी अर्ध्या फेऱ्यात अडकते, नाहीतर हातात सुटून येते. मालवणच्या प्रवाहात ती खडकांत पडली तर गेलीच. मला न्यूडिब्रँकचे (रंगीत समुद्री गोगलगायींचे) फोटो काढायचे असतात, त्यातले कितीतरी नखाएवढेही नसतात. या लेन्सशिवाय भागत नाही.

कारण मला कळतंय. अ‍ॅनोडायझिंगचा थर कठीण असला तरी काही मायक्रॉनचाच. बारीक वाळू आणि सुकलेलं मीठ आट्यात अडकलं की तो खरवडला जातो, आणि मग अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासून धातू ओरबाडला जातो. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात भिजवून मीठ निघतं, पण खोबणीतली वाळू ब्रशशिवाय हलत नाही.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे हे आटे सीलच्या बाहेर आहेत. वेट लेन्स आणि पोर्टची काच यांच्यामध्ये पाणी असतंच. पाणी अडवायचं काम काचेच्या ओ-रिंगचं (रबरी कड्याचं). म्हणजे दुरुस्ती वॉटरप्रूफ नसली तरी चालेल, फक्त ओ-रिंगच्या खोबणीला ओरखडा यायला नको.

वागळे इस्टेटमध्ये चौकशी केली. एका ठिकाणी म्हणाले, बोअर मारून (भोक मोठं करून) स्टेनलेसचा बुश (आत बसवायचं कडं) टाकू. ते मला अजिबात नको. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस शाबूत राहील आणि त्याला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाईल. दुसऱ्या ठिकाणी इपॉक्सी भरून परत आटे पाडायचं सुचवलं. आट्याची खोली अर्धा मिमीसुद्धा नाही, तिथे इपॉक्सीची धार किती टिकणार?

अ‍ॅल्युमिनियमचाच बुश करून कोणी बसवलाय का? आणि एका नगासाठी मशीन लावणारा कोणी माहीत आहे का? पावसाळ्यात तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं, तोवर हे उरकायचंय.

प्रतिसाद:
ताई, मी रबाळे एमआयडीसीत लेथवर असतो. बुश वेगळा बनवायची गरजच नाही. कॅमेऱ्याच्या फिल्टरला ६७ नंतरचं माप ७२ चं, पिच तेच ०.७५. तोंडाशी बोअर करून ७२ चे आटे पाडायचे आणि ७२ वरून ६७ वर आणणारी तयार स्टेप-डाउन रिंग बसवायची. फोर्टला बोरा बझारमध्ये मिळेल. अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या, पितळी नको. पुढे ती झिजली की रिंग बदला, पोर्टला हात लावायचा नाही. पण दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिमी जाईल, तेव्हा आधी भिंतीची जाडी मोजा. काच काढूनच आणा, कीस आणि कूलंट आत जायला नको.

प्रतिसाद:
रिंगमुळे लेन्स एक-दोन मिमी पुढे येईल. मॅक्रोला फरक पडणार नाही, वाइड लेन्स लावत असाल तर कोपरे काळे पडतील. आणि काच परत बसवल्यावर नुसतं बादलीत बुडवून खात्री धरू नका. दहा मीटरवर पृष्ठभागापेक्षा एक वातावरण दाब जास्त असतो, बादलीत तो येत नाही. व्हॅक्यूम पंपाने हवा ओढून काटा उतरतो का ते बघा. नंतर पहिल्या डाइव्हला हाउसिंग कॅमेऱ्याशिवाय न्या, आत टिश्यू पेपर ठेवून.

धागाकर्ती:
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं! आत्ताच व्हर्नियरने मोजलं. तोंडाशी भिंत साडेचार मिमी भरते, म्हणजे बोअरनंतर दोन मिमी उरेल. आटे रिंगेपुरतेच पाडायचेत, त्यामुळे मागच्या खोबणीपर्यंत टूल जाणार नाही. वाइड लेन्स मी लावत नाही.

एकच शंका. पोर्ट बाहेरून थोडा निमुळता आहे, लेथच्या चकमध्ये (पकडीत) सरळ पकडता येईल का?

प्रतिसाद:
सॉफ्ट जॉ (चकचे मऊ धातूचे जबडे) त्या मापाला कातून घेतो, मग डायल गेज लावून सेंटर करू. दाबून धरायचं नाही, पातळ भिंत लंबगोल होते. रिंग आधी आणा आणि वेट लेन्ससुद्धा. आटे रिंगेवर फिरवून बघतच पाडेन.

धागाकर्ती:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. काच आणि ओ-रिंग घरीच काढून ठेवते, रिंग मिळाली की शनिवारी रबाळ्याला येते.