मदत हवी आहे: हूवरचं हॉटेल शनिवारपर्यंत ठेवू की सोडून देऊ?

ब्राझोसकाठ (रविवार, १८ मे २०२५)

तातडीचं आहे. आज रात्री बारानंतर रद्द केलं तर पैसे परत मिळणार नाहीत. सोमवार ते शनिवार अशा सहा रात्रींचं बुकिंग मार्चमध्येच करून ठेवलं होतं. तेव्हा कुणाला कल्पना होती असं होईल! काल ड्रॉ लागला, आपण चौदावे. शनिवारपर्यंत टिकण्याची शक्यता कितपत वाटते? तिघं जण आहोत, गाडीने निघणार. शेवटच्या दोन रात्री सोडल्या आणि संघ पुढे गेला तर ऐनवेळी तिथे खोली मिळत नाही म्हणतात. ठेवल्या आणि मंगळवारीच हरलो तर सगळे पैसे पाण्यात. "जाताच कशाला" असं कृपया कुणी लिहू नका, जायचं नक्की आहे. फक्त ठेवू की सोडू एवढं सांगा.

निशिगंध

कुठला संघ, कुठला खेळ? आणि हूवर म्हणजे ते धरण आहे तिथेच ना? आम्ही लास व्हेगसहून एका दिवसात जाऊन आलो होतो, मुक्काम करायची गरजच नाही. मे महिन्यात ऊन फार असतं, पाणी भरपूर ठेवा.

ब्राझोसकाठ

धरण नाही हो. आल्बामातलं हूवर, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला लागून आहे ते. खेळ बेसबॉल, संघ अर्थात टेक्सास ए अँड एम. एसईसीची, म्हणजे दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्सची (गटाची) स्पर्धा. रात्री बारापर्यंतच वेळ आहे.

गणितमास्तर

हे पहिल्यांदाच लिहिलं असतं तर बरं झालं असतं. आता नीट सांगतो.

या वर्षीपासून स्पर्धेचा साचाच बदललाय. टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं आल्यामुळे कॉन्फरन्समध्ये सोळा संघ झाले, आणि सोळाही संघ हूवरला येतात. पण आता सगळं बाद पद्धतीनं, एक हार आणि घरी. पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरी, पाच ते आठ यांना एक फेरी माफ. तुम्ही चौदावे, म्हणजे अगदी तळापासून चढायचं. मंगळवारी अकरावं मिसिसिपी स्टेट, ते झालं तर सहावं ऑबर्न, मग शुक्रवारी तिसरं एलएसयू, शनिवारी उपांत्य आणि रविवारी अंतिम. सहा दिवसांत पाच सामने, पाचही जिंकायचे.

प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ४० टक्के धरली तर शनिवार बघायला मिळण्याची शक्यता ६.४ टक्के. रविवारी चषक उचलायची साधारण १ टक्का. अगदी ५०-५० धरलं तरी शनिवार १२.५ टक्के. शनिवारची रात्र सोडून द्या.

लाँगहॉर्नवाला

मास्तरांना +१. मी ऑस्टिनचा, आमचा टेक्सास संघ २२-८ (जिंकले-हरले) करून पहिला आलाय. तुमचा ११-१९. त्यातल्या तीन हारी मिझुरीकडून, तुमच्याच मैदानावर. मिझुरीनं कॉन्फरन्समध्ये पूर्ण मोसमात तीनच सामने जिंकले आणि ते तिन्ही तुमच्याविरुद्ध. असा संघ ओळीनं पाच जिंकेल असं समजून खोल्या अडवून ठेवणं मला पटत नाही.

रानवारा

मला उलट वाटतं. मिझुरी त्या आठवड्याआधी ०-२४ होती. चोवीस सामने हरलेला संघ ओळीनं तीन जिंकू शकतो, तर चौदावा संघ पाच का नाही जिंकू शकत? बेसबॉलमध्ये त्या दिवशीच्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात चालला की समोर कोण आहे हे विचारायचं नाही. याच ए अँड एमनं एप्रिलमध्ये टेनेसीला टेनेसीत जाऊन मालिकेत हरवलं. मोसमाच्या आधीच्या क्रमवारीत हाच संघ देशात पहिला होता, हे विसरता तुम्ही.

गणितमास्तर

आधीच्या क्रमवारीनं खोलीचं भाडं भरता येत नाही. आणि पिचरचा हात म्हणताय तर तोच खरा मुद्दा आहे. प्रेगर आणि लॅमकिन हे दोन भरवशाचे डावखुरे. मंगळवारी एकाला उतरवलं, बुधवारी दुसऱ्याला, दोघांचे हात थकलेले, मग शुक्रवारी एलएसयूसमोर कोण? तिसरं मानांकन असलेला संघ तोवर हॉटेलात पाय पसरून बसलेला असतो, त्याचे सगळे पिचर ताजे.

मिरजेची_माई

माझा मुलगा अकरावीत आहे, जिल्हा पातळीवर सॉफ्टबॉल खेळतो, आता बेसबॉलही सुरू केलंय. पिचिंग करतो. अमेरिकेत कॉलेजात खेळण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते असं ऐकलं. कुणाला अर्ज करायचा? त्याची उंची ५ फूट ११ इंच आहे.

रानवारा

माई, अर्ज असा नसतो. खेळतानाचे व्हिडिओ कोचला पाठवावे लागतात, चेंडूचा वेग मोजलेला दाखवावा लागतो. आणि डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वात वरच्या स्तरावर, २०२४-२५ पर्यंत एका संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या फक्त ११.७ असत, त्या पंचवीस-सत्तावीस मुलांत वाटत. त्यामुळे संपूर्ण फी माफ असा मुलगा विरळा असे. वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहिते.

होमाई_मैदान

मी गेली तीस वर्षं क्रिकेट बघतोय, बेसबॉल कळत नाही, पण बाद फेरीत क्रमांक बघायचा नसतो एवढं ठामपणे सांगतो. रणजी स्पर्धेत किती वेळा पाहिलंय. जाऊन या.

अण्णा_बर्मिंगहॅम

मी हूवर मेटपासून, म्हणजे स्पर्धेच्या मैदानापासून, पंधरा मिनिटांवर राहतो, बावीस वर्षं झाली. १९९८ पासून ही स्पर्धा इथेच होते, २०२० चं वर्ष सोडलं तर. धागाकर्त्यांना काही व्यावहारिक गोष्टी:

तुम्ही कॉलेज स्टेशनहून निघणार असाल तर श्रीव्हपोर्ट, जॅक्सन, मेरिडियन, टस्कलूसा या वाटेनं या. बारा तास धरा, थांबे वेगळे. मे महिन्यात इथे संध्याकाळी वीज-वादळ होतं. विजा कडाडल्या की खेळ थांबतो, आणि रात्रीचा सामना मध्यरात्रीपर्यंत लांबतो किंवा दुसऱ्या दिवशी ढकलला जातो. म्हणून वेळापत्रकातला वार पक्का धरू नका. बुधवारचा सामना गुरुवारी झालेला मी पाहिलाय. एका रात्रीची ढिलाई ठेवाच.

अवांतर: १९९४ मध्ये मायकल जॉर्डन बर्मिंगहॅम बॅरन्सकडून बेसबॉल खेळला तो याच मैदानावर. तेव्हा मी इथे नव्हतो, पण शेजारचे लोक अजून सांगतात.

एक विचारतो, तिघं म्हणजे कोण? लहान मूल आहे का? पायऱ्या खूप आहेत आणि उन्हाच्या बाजूच्या जागा दुपारी तापतात.

ब्राझोसकाठ

अण्णा, फार आभार. मूल नाही. मी, बायको आणि माझे बाबा. बाबा ६९ वर्षांचे, गुडघा दुखतो.

लाँगहॉर्नवाला

६९ वर्षांच्या माणसाला बारा तास गाडीत बसवून चौदाव्या संघाचा एक सामना दाखवायला नेताय? घरी टीव्हीवर दाखवा. हे पैशांपेक्षा मोठं आहे.

रानवारा

धागाकर्त्यांनी "जाताच कशाला" लिहू नका असं पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय.

लाँगहॉर्नवाला

मी काळजीनं लिहिलंय. माझे वडीलही त्याच वयाचे आहेत. शिवाय गेल्या वर्षी हाच संघ हूवरला दोन्ही सामने हरला आणि नंतर ओमाहाला जाऊन राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम मालिका खेळला. म्हणजे हूवरला तसा अर्थ नाही.

गणितमास्तर

गेल्या वर्षीचं उदाहरण इथे लागू होत नाही. तेव्हा त्यांची एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेतली जागा आधीच पक्की होती, हूवरला हरले तरी तिची पहिली फेरी (रीजनल) घरच्या मैदानावर मिळाली. एकूण ६४ संघ घेतात, कॉन्फरन्सचा विजेता आपोआप जातो, बाकीचे समिती निवडते. ११-१९ वर समिती विचारणार नाही. यंदा अ‍ॅगीजसाठी (म्हणजे ए अँड एमसाठी) एकच दार आहे, रविवारचा चषक. म्हणून धागाकर्त्यांना शनिवारचं महत्त्व वाटतंय, ते समजतं. पण दार अरुंद आहे.

ब्राझोसकाठ, परतीची काही तारीख आहे का? ती सांगितली तर हिशेब बदलेल.

ब्राझोसकाठ

बाबांचं विमान २७ तारखेला, ह्यूस्टनहून. म्हणून ही स्पर्धा शेवटची.

आता लिहितोच. बाबा जानेवारीत आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. थंडीत दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. फेब्रुवारीत मोसम सुरू झाला तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं ए अँड एमच्या मैदानावर, ऑल्सन फील्डला नेलं. सांगलीत त्यांनी कितीतरी वर्षं क्लबच्या सामन्यांचं स्कोअरिंग केलंय. तिसऱ्या इनिंगला त्यांनी मला विचारलं, "हे लोक वही कशी लिहितात?" दुसऱ्या दिवशी चौकोनी रेघांची वही आणून दिली. तेव्हापासून घरचा एकही सामना चुकवलेला नाही. फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून बाद झाला तर सरळ 'के', नुसता बघत राहिला तर उलटा 'के', हे ते आता मला शिकवतात. समोरच्या पिचरनं वॉक दिला (चार चुकीचे चेंडू, 'बॉल', टाकून फलंदाजाला फुकट बेस दिला) की सगळं मैदान पुढच्या चेंडूला "बॉल फाइव्ह" ओरडतं, त्यात बाबांचा आवाज मला वेगळा ऐकू येतो.

मिझुरीच्या तिसऱ्या सामन्यानंतर लोक उठून गेले. बाबा वही मिटून तसेच बसले होते. मैदानामागून मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "हूवरला जायचं ना आपण?" मी हो म्हटलं. म्हणून मी विचारतोय.

निशिगंध

धरणाचं लिहिलं त्याबद्दल माफ करा. काकांना घेऊन जाच.

होमाई_मैदान

स्कोअरर माणूस आहे म्हणजे सामना अर्धवट सोडून येणार नाही. सगळ्या रात्री ठेवा.

गणितमास्तर

शक्यता बदलत नाही, पण सल्ला बदलतो. शुक्रवारची रात्र ठेवा, शनिवारची सोडा. शुक्रवारचा सामना रात्री उशिरा संपला तर थकलेल्या माणसाला घेऊन रात्रभर गाडी चालवू नका. संघ शुक्रवारी जिंकलाच तर शनिवारच्या रात्रीची सोय तेव्हा बघू.

अण्णा_बर्मिंगहॅम

तेव्हा बघायचीही गरज नाही. शनिवारी माझ्याकडे उतरा. मुलं बाहेर असतात, दोन खोल्या रिकाम्या आहेत, खालच्या मजल्यावर आहेत, पायऱ्या नाहीत. शनिवारची रात्र आत्ता रद्द करा, बाराच्या आत. निरोपाच्या खिडकीत फोन नंबर टाकलाय. तुमच्या वडिलांसाठी तिसऱ्या बेसच्या बाजूची, छपराखालची जागा बघा, दुपारी सावली येते.

ब्राझोसकाठ

रद्द केली. ११ वाजून ४० मिनिटं. पहाटे निघतोय. सगळ्यांचे आभार.

मिरजेची_माई

प्रवास सुखाचा होवो. वेगळा धागा काढलाय, "बेसबॉल शिष्यवृत्तीबाबत मार्गदर्शन". रानवारा, बघाल का?

लाँगहॉर्नवाला

काकांना माझा नमस्कार सांगा. समोर टेक्सास आलं तर मात्र आमच्या बाजूनं ओरडणार.

ब्राझोसकाठ (शनिवार, २४ मे)

तुम्हाला कळलंच असेल. मिसिसिपी स्टेटला हरवलं. ऑबर्नला ३-२ हरवलं. शेवटच्या इनिंगला बाबांच्या हातातली पेन्सिल थरथरत होती, एका चौकोनात रेघ बाहेर गेली, ती त्यांनी खोडली नाही.

ऑबर्नच्या सामन्यात आपला फलंदाज लाव्हिओलेट याच्या डाव्या हाताला चेंडू लागला, हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. ए अँड एमच्या इतिहासात सर्वात जास्त होमरन त्याच्या नावावर आहेत, मोसमात कधी तो चालला नाही तरी बाबा त्याच्या नावाखाली दुहेरी रेघ मारायचे. आम्ही धरून चाललो की आता तो संपला. शुक्रवारी एलएसयूविरुद्ध संघ मैदानावर आला तर यादीत त्याचं नाव. बाबांनी मला दोनदा विचारलं, "तोच ना?" तो बॅट घेऊन आला तेव्हा गुडघ्याचं विसरून उभे राहिले आणि त्याची पाळी संपेपर्यंत बसले नाहीत.

३-४ हरलो. एका धावेनं.

मास्तर, तुमचा शुक्रवारच्या रात्रीचा सल्ला अगदी बरोबर होता, रात्री हॉटेलवर आलो तेव्हा बाबांना उभं राहवत नव्हतं. अण्णा स्वतः भेटायला आले होते, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन. बाबांनी त्यांना सगळी वही पहिल्या पानापासून दाखवली. मिझुरीची पानंसुद्धा.

आम्ही आता मेरिडियनच्या पुढे आहोत, बायको गाडी चालवतेय. शनिवारच्या उपांत्य सामन्यांची तीन तिकिटं काढून ठेवली होती ती अण्णांकडे दिलीत. बर्मिंगहॅमच्या जवळपास कुणी असेल आणि जायचं असेल तर त्यांना लगेच निरोप टाका. छपराखालच्या जागा आहेत.

अण्णा_बर्मिंगहॅम

दोन गेली, एक शिल्लक आहे. दुपारी बारापर्यंत वाट बघतो.